मेथीच्या पाण्यावरचे ढग : कागद रंगवण्याचा खेळ शाळेत का हवा?

शाळेचा प्रकल्प उद्या सकाळी द्यायचा असतो आणि त्याची आठवण रात्री साडेआठला होते. अहिल्यानगर असो, संगमनेर असो की श्रीरामपूर, अशा वेळी स्टेशनरीच्या दुकानासमोर दुचाकी लावून उभे असलेले पालक हमखास दिसतात. ग्लिटरची फोमशीट, छापील नक्षीचा कागद, चिकटवायची तयार फुले, कडेला लावायची सोनेरी पट्टी असा ऐवज पिशवीत पडतो. घरी मूल कापते, आई चिकटवते, वडील मार्करने नाव घालतात. सकाळी वर्गात सगळे प्रकल्प एकाच दुकानातून आल्यासारखे दिसतात, कारण बहुतेक ते एकाच दुकानातून आलेले असतात.

यात पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. वेळ नसतो, शाळेला नीटनेटके काम हवे असते आणि तयार कागद नीटनेटका असतोच. मात्र त्या कागदात एक गोष्ट नसते. तो कसा होईल, ही उत्सुकता त्यात शिल्लक नसते. तो झालेला असतो.

याच्या उलट टोकाचा एक खेळ आहे. साधा पांढरा किंवा रद्दीतला कागद घ्यायचा, त्यावर रंग, खळ, धागे, ठसे, जुन्या छपाईचे तुकडे यांचे थर चढवायचे आणि काय होते ते पाहायचे. जगभर हौशी मंडळी हा खेळ खेळतात आणि त्याला ‘मिक्स्ड मीडिया पेपर’ म्हणतात. आपल्याकडे तो आला की ‘क्राफ्ट’ म्हणून बाजूला सारला जातो. गंमत अशी की, या खेळातला सर्वांत अवघड प्रकार चारशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जगाला थक्क करील इतका पुढे गेला होता.

मिक्स्ड मीडिया कागद म्हणजे काय?

एकाच कागदावर एकाहून अधिक माध्यमे. जलरंगाचा हात, त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर गोणपाटाचा ठसा, त्यावर मेणाच्या खडूची रेघ. चित्र काढणे हा हेतू नसतो. हा कागद पुढे वहीचे कव्हर, भेटकार्ड, पाकीट, आकाशकंदिलाची पाकळी किंवा गणपतीच्या मखराची पाठभिंत होतो. म्हणजे तो कच्चा माल आहे, पण स्वतः केलेला.

यातले दोन प्रकार बुकबाइंडिंगच्या धंद्यातून आले. एक मार्बल कागद. जुन्या जाड वह्या, खतावण्या किंवा ग्रंथालयातली बांधीव मासिके उघडली की आतल्या पानावर लाटांसारखी रंगीत नक्षी दिसते, तो. दुसरा खळीचा कागद. रंग मिसळलेली खळ कागदावर फासायची आणि ओली असतानाच फणीने किंवा बोटाने रेघा ओढायच्या. युरोपातल्या बाइंडरांनी हा प्रकार शतकानुशतके वापरला, कारण खळ त्यांच्या टेबलावर कायमच असायची.

मार्बल नक्षीचा एक उपयोग मोबाइलवर ओटीपी मागणाऱ्या पिढीला लगेच समजेल. ही नक्षी पुन्हा तशीच उमटत नाही. त्यामुळे हिशेबाच्या वह्यांच्या कडा मार्बल करत. एखादे पान फाडले की कडेवरची लाट तुटते आणि चोरी दिसते. अमेरिकी क्रांतीच्या काळात, १७७५ मध्ये, वीस डॉलरची जी नोट निघाली, तिचा कागद बेंजामिन फ्रँकलिन यांनी पुरवला होता आणि तिच्या एका कडेला मार्बलची रंगीत पट्टी होती. बनावट नोटा रोखण्यासाठी.

पाण्यावर रंग तरंगतो कसा?

स्वयंपाकघरातला प्रयोग अनेकांनी केला असेल. ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरायची आणि मधोमध साबण लावलेले बोट टेकवायचे. मिरपूड क्षणात कडेला पळते. पाण्याच्या पृष्ठभागावर एक ताण असतो. साबण त्या जागचा ताण कमी करतो, आजूबाजूचा जास्त ताण पृष्ठभाग ओढून घेतो आणि मिरपूड त्याबरोबर जाते.

मार्बलिंगमध्ये साबणाचे काम पारंपरिक पद्धतीत गुरांचे पित्त करायचे. रंगात पित्ताचे थेंब मिसळले की रंगाचा थेंब पाण्यावर पडताच पातळ चकतीसारखा पसरतो. त्याच्या शेजारी दुसरा रंग टाकला की तो पहिल्याला ढकलतो. दोघांचा दाब सारखा झाला की हद्द ठरते. रंग एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त जागेसाठी भांडतात. त्या भांडणातून काडीने किंवा कंगव्याने ओढलेल्या रेघा म्हणजे नक्षी.

साध्या पाण्यावर हे फार वेळ टिकत नाही. पाणी हलते, रंग बुडतो. म्हणून पाणी दाट, बुळबुळीत करावे लागते. हल्ली त्यासाठी समुद्री शेवाळापासून काढलेले कॅरॅजीनन वापरतात. इराण आणि हिंदुस्थानच्या बाजूला मात्र या कामाला एक ओळखीची वस्तू वापरत आणि ती म्हणजे मेथी. मेथीचे दाणे भिजवले की जो चिकट बुळा सुटतो, तोच. भेंडीतही तसाच चिकटपणा असतो. गुऱ्हाळावर उसाच्या रसातली मळी वर आणण्यासाठी भेंडीचा चिकट रस घालतात, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. जपानी हातकागदातही भेंडीच्याच कुळातल्या एका झाडाच्या मुळांचा चिकट रस लागतो.

शेवटचा भाग तुरटीचा. कागदाला आधी तुरटीचे पाणी लावून वाळवला की तिच्यातले ॲल्युमिनिअम रंगाला धरून ठेवते. नाही तर नक्षी उचलून आणलेला कागद धुतला की पुन्हा कोरा.

दख्खनचा याच्याशी काय संबंध?

फारसीत ढगाला ‘अब्र’ म्हणतात. त्यावरून या कागदाला ‘अबरी’ हे नाव पडले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्या शतकात इराण, तुर्कस्तान आणि दख्खन या तिन्हीकडे हा कागद होत होता. पण बहुतेक ठिकाणी तो समासापुरता, सुलेखनाच्या चौकटीपुरता राहिला. दख्खनच्या कारागिरांनी त्याच्यातूनच चित्र काढले. ज्या भागावर नक्षी नको तो झाकायचा, कागद रंगावर टेकवायचा, मग झाकण काढून दुसऱ्या भागाचे काम. माणसाचे, घोड्याचे, हत्तीचे अंग ढगांच्या लाटांनी भरलेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हाडे दिसणाऱ्या घोड्याचे आणि त्याच्या स्वाराचे असे एक चित्र आहे. ते विजापूरचे, साधारण १६२५ चे मानले जाते. याच संग्रहालयाने २०१५ मध्ये दख्खनच्या सुलतानांच्या कलेवर मोठे प्रदर्शन भरवले होते.

अशा चित्रांचे नाव विजापूरशी जोडले जाते, नगरशी नाही. नगरच्या निजामशाहीची ओळख सांगणारे चित्रमय पुस्तक वेगळे आहे. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे आफताबी या कवीचे हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे फारसी काव्य १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतरच्या काही वर्षांत तयार झाले आणि आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत राजाशेजारी बसलेली राणी पुढे कोणीतरी पुसून टाकली. ती राणी खुंझा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई.

आणि धागा इथेच जुळतो. चांदबिबी नगरची लेक, विजापूरची सून. १५८० मध्ये विजापूरच्या गादीवर नऊ वर्षांचा इब्राहिम आदिलशहा आला तेव्हा त्याच्या वतीने कारभार पाहणारी ही चुलती. तो मोठा होऊन संगीत आणि चित्रकलेचा असा आश्रयदाता झाला की विजापूरच्या कलेचा बहर त्याच्याच काळातला मानतात. अबरीच्या चित्रांचे श्रेय चांदबिबीला देणे हा इतिहास होणार नाही. पण नगरच्या किल्ल्यावर तिच्या शौर्याची गोष्ट ऐकणाऱ्या मुलांना, ती ज्या दरबारात राहिली तिथे पुढे पाण्यावर ढग काढत होते, एवढे सांगायला हरकत नसावी.

तुर्कस्तानने आपला हा वारसा ‘एब्रू’ या नावाने जपला. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. तिथे शाळकरी मुले एब्रूच्या ट्रेवर काम करताना दिसतात. आपल्याकडे बाइंडरच्या दुकानात मार्बल पेपर मिळतो, पण तो ऑफसेटवर छापलेला. प्रत्येक ताव सारखा. ज्या नक्षीचे सगळे मोल ती पुन्हा न येण्यात होते, तीच नक्षी रोलवर छापून विकली जाते आणि कोणाला त्यात काही खटकत नाही.

हातकागदाचीही कथा फार वेगळी नाही. निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर, तिथला जुन्नरी कागद आणि दौलताबादी कागद मोडी दफ्तरांतून भेटतो. एरंडोलचा कागदही नावाजलेला होता. कागदाला खळ लावायची, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हे मागे पडले. १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघाने आणि १९४० मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात के. बी. जोशी यांनी सुरू केलेल्या हातकागद संस्थेने ही विद्या पुन्हा उभी केली. दौलताबादजवळचा कागजीपुरा आजही त्या नावाने ओळखला जातो. नगरहून तो एका दिवसाच्या सहलीच्या अंतरावर आहे, पण शाळांच्या सहली वेरूळ करून शेजारूनच परत येतात.

शाळेतल्या ‘प्रयोगा’त प्रयोग असतो का?

खरा प्रश्न वारशाचा नाही. वारसा म्हणून शिकवायचे ठरवले तर अबरीचेही चार ओळींचे टिपण होईल आणि ‘टीपा लिहा’मध्ये ते येईल.

शाळेच्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेत काय होते ते पाहावे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. निष्कर्ष पुस्तकात आधीच छापलेला असतो. लिटमस लाल होणार हे ठाऊक असते. झाला नाही तर मूल लिटमसला विचारत नाही, शेजारच्याच्या वहीत बघते. हीच सवय घेऊन ते अकरावी-बारावीत जाते आणि पुढे अभियांत्रिकीला. तिथे आधीच्या वर्षीच्या जर्नलवरून रीडिंग उतरवण्याला कोणी कॉपी म्हणत नाही, ‘सबमिशन’ म्हणतात. आलेख आधी काढायचा आणि बिंदू नंतर त्यावर बसवायचे, हे कौशल्य चार वर्षांत उत्तम येते. मग नोकरीच्या मुलाखतीत ‘प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ विचारतात आणि सगळे गप्प.

चित्रकलेच्या तासाला तरी यातून सुटका असायला हवी. पण तिथेही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय परीक्षांनी वाट आखून दिली आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन व भूमिती. या परीक्षांनी गावोगावच्या मुलांच्या हाती ब्रश दिला, हे खरे आहे आणि ते विसरू नये. मात्र दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून तयारी कशी होते तेही सगळ्यांना ठाऊक आहे. संकल्पचित्राची दोन-तीन डिझाइन पाठ करायची आणि पेपरात वर्तुळ आले की एक, चौकोन आला की दुसरे. संकल्प कुणाचा, हा प्रश्नच येत नाही.

रंगवलेल्या कागदाच्या खेळात ही सोय नाही. मेथीचे पाणी जास्त दाट झाले तर रंग अडखळतो, पातळ राहिले तर बुडतो. भांड्याला साबणाचा अंश राहिला असेल तर रंग पसरतच नाही. कागदाखाली हवेचा बुडबुडा अडकला तर तिथे पांढरा डाग पडतो. उत्तर पुस्तकाच्या मागे नाही. मुलाला एक गोष्ट बदलून पुन्हा पाहावे लागते आणि दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही, हे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या तावातच समजते. विज्ञानाच्या पुस्तकात याला ‘चल’ म्हणतात आणि त्याची व्याख्या पाठ करून घेतात.

म्हणून हा खेळ कलेच्या तासापुरता नाही. शाळेच्या आठवड्यात ज्याचा शेवट शिक्षकालाही माहीत नसतो, असे एक काम तरी असावे, एवढीच ही मागणी आहे.

चाळीस मुले आणि एक नळ, हे जमणार कसे?

इथे शिक्षकांची बाजू ऐकायला हवी. वर्गात चाळीस मुले, आवारात एक नळ, सतरंजीवर बसायचे. रंग सांडला की साफ कोण करणार? गणवेशावर डाग पडला तर पालक विचारणार. त्यात ऑनलाइन माहिती भरण्याचे काम वेगळेच. ग्लिटरची फोमशीट मागवणारा शिक्षक आळशी नसतो, तो थकलेला असतो.

कला शिकवायला वेगळा माणूस हवा, हे कायद्यालाही मान्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभरापेक्षा जास्त असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात या निदेशकांची नेमणूक आणि मानधन हा वर्षानुवर्षे रेंगाळलेला विषय आहे. तो सुटत नाही तोवर कलेचा तास गणिताच्या उरलेल्या अभ्यासक्रमाला जाणार. आणि कलेचा तास गेला म्हणून कोणी मोर्चा काढत नाही.

तरीही दोन जागा मोकळ्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवावेत असे सुचवले आहे. त्यात सुतार, माळी, कुंभार यांची नावे येतात. बाइंडर का नको? कोर्ट-कचेरी आणि कॉलेजांच्या आसपास बाइंडिंगची दुकाने अजून आहेत. खळ कशी शिजवायची, कागदाचा आडवा-उभा धागा कसा ओळखायचा, कव्हर वाळताना वाकू नये म्हणून वजन कुठे ठेवायचे, हे त्या माणसाला येते आणि शाळेतल्या कोणालाच येत नाही. दुसरी जागा २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी आलेल्या ‘आनंददायी शनिवार’ची. तिथे व्हिडिओ लावून वेळ काढण्यापेक्षा एक बादली खळ परवडते.

आणि सुरुवात खळीनेच करावी, मार्बलिंगने नव्हे. मार्बलिंगला ट्रे, स्थिर पाणी आणि एका वेळी एकच मूल लागते. खळीच्या कागदाला एवढे काही लागत नाही. ऊस आणि कांद्याच्या या जिल्ह्यात ठसे द्यायला वस्तूंची कमतरता नाही. कांद्याची जाळीदार गोणी, गोणपाट, उसाचे चिपाड, बाजरीचे कणीस, तुटकी फणी. कांद्याच्या वाळक्या साली उकळल्या की पिवळट केशरी रंग येतो आणि तुरटी घातली की तो कागदावर बऱ्यापैकी टिकतो. घोडेगावसारख्या कांदा बाजारात या साली पायाखाली तुडवल्या जातात.

ग्लिटरबद्दल एक गोष्ट जाता जाता. ते बहुधा प्लास्टिकच असते, आणि सुट्या प्लास्टिक ग्लिटरच्या विक्रीवर युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आणले आहेत. आपल्याकडे मखरांतले थर्माकोल २०१८ च्या बंदीनंतर कमी झाले आणि त्याच्या जागी कागद आला, हे चांगलेच. पण त्या कागदावर पुन्हा ग्लिटर चढले आहे.

घरी करून पाहायचे असेल तर?

खळीसाठी एक वाटी मैद्याला सहा ते सात वाट्या पाणी. आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडाव्यात, मग उरलेले पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवावे. पांढरट रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवावी. गार झाल्यावर वाट्यांत वाटून प्रत्येकीत पोस्टर कलर घालावा. बाइंडर खळीत किडीसाठी मोरचूद घालतात, तो विषारी असतो. मुलांच्या खळीत तो नको. त्या दिवशीची खळ त्या दिवशी संपवावी.

कागद थोडा जाड घ्यावा आणि आधी ओला करून घ्यावा, नाही तर खळ लावताच तो गुंडाळतो. रंगीत खळ रुंद ब्रशने फासून लगेच फणी, काटा-चमचा किंवा दात्र्या कापलेला पुठ्ठा ओढावा. नाही आवडले तर पुन्हा ब्रश फिरवावा, पाटी पुसल्यासारखी नक्षी जाते. हा एकच कागद असा आहे की जो वाळेपर्यंत कितीही वेळा चुकता येतो. लहान मुलांना मार्बलिंगच्या आधी तो देण्याचे कारणही हेच.

मार्बलिंग करायचेच असेल तर मूठभर मेथी रात्रभर भिजवून, सकाळी भरपूर पाण्यात उकळून, फडक्यातून गाळून घ्यावी. पाणी पातळ ताकाइतके दाट हवे. ते पसरट ट्रेमध्ये ओतून, पूर्ण गार करून, वरचे बुडबुडे वर्तमानपत्राच्या पट्टीने ओढून काढावेत. ॲक्रिलिक रंग पाण्याने दुधासारखा पातळ करून ड्रॉपरने वरून सोडावा. बुडत असेल तर रंगात, पाण्यात नव्हे, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब. कपभर कोमट पाण्यात चमचाभर तुरटीपूड विरघळवून ते पाणी कागदाला स्पंजने लावून आधीच वाळवलेले असावे. हा कागद महिनोन्‌महिने साठवू नये, तुरटीतल्या आम्लाने तो पिवळा पडतो. तेलरंग आणि टर्पेंटाइनची सोपी पद्धत यूट्यूबवर खूप दिसते. तिचा वास बंद खोलीत मुलांना त्रासदायक होतो, ती अंगणातच करावी.

कागद टेकवताना एका कोपऱ्यापासून तिरका सोडत न्यावा, एकदम टाकू नये. उचलल्यावर नळाखाली हलकेच धुवून दोरीवर वाळत घालावा. पहिला ताव बहुधा बिघडतो. ट्रेमध्ये उरलेल्या रंगावर लगेच दुसरा टेकवला तर फिकट, धुरकट ठसा उमटतो. तो फेकू नये. खळीचा पुढचा थर त्याच्यावरच चांगला खुलतो.